डंबेल्स की बारबेल? व्यायामशाळेपुढील एक व्यावहारिक प्रश्न

(व्यायामशाळा चालविणाऱ्या कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सकाळपासून आपण संपर्क, संस्कार आणि संघटन या विषयांवर चिंतन केले. आता भोजनोत्तर सत्रात कुणी एक माणूस उभा राहून छातीच्या व्यायामासाठी डंबेल्स घ्यावेत की बारबेल, हे सांगणार, याचे काहींना आश्चर्य वाटले असेल. परंतु हा विषय मी निवडलेला नाही. वर्गाच्या पूर्वतयारीत आपण जे प्रश्न लिहून पाठविले, त्यांत हा प्रश्न सर्वाधिक वेळा आला. त्याचे कारणही उघड आहे. वस्तीत व्यायामशाळा उभी राहते, समाजमंदिराची एक खोली मिळते, एखादा सज्जन देणगी देतो. आणि मग ती रक्कम नेमकी कशावर खर्च करावी, याचा निर्णय बहुधा अशा कार्यकर्त्यावर येऊन पडतो ज्याने स्वतः आयुष्यभर जोर-बैठकांपलीकडे काही केलेले नसते. निर्णय चुकला, तर लोखंड गंजत पडते आणि मुले रस्त्यापलीकडच्या चकचकीत जिममध्ये जातात. तिथे वजनाबरोबर पावडरीचे डबे आणि पुढे इंजेक्शनेही मिळतात, हे आपण जाणतो. म्हणून हा प्रश्न वरकरणी दिसतो तितका किरकोळ नाही.

प्रथम एका आक्षेपाचा निकाल लावू. आपल्यापैकी काही ज्येष्ठांनी विचारले आहे की, मुद्गल, करेला, नाल, गदा, मल्लखांब अशी समृद्ध परंपरा असताना ही परदेशी उपकरणे हवीतच कशाला? या भावनेचा मी आदर करतो. समर्थांनी मारुतीची मंदिरे उभारली ती बलोपासनेसाठी, आणि त्या उपासनेचे रूप आपल्या मातीतून घडले. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतल्यानंतरचे पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालविले, ते याच देशी व्यायामाच्या बळावर. संघाच्या आरंभीच्या वर्षांत स्वयंसेवकांनी नियमाने व्यायामशाळेत जावे अशी अपेक्षा असे, आणि अण्णा सोहोनी दंड शिकवीत. ही परंपरा सोडावी, असे कुणीच म्हणत नाही.

परंतु आपल्या थोर व्यायामाचार्यांनी परक्या वस्तूकडे पाठ फिरविली नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. बडोद्याच्या प्रो. माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिर आपल्या गुरूच्या नावाने चालविले. सांघिक कवायत हा प्रकार त्यांनी स्वीकारला. मात्र इंग्रजी हुकूम टाकून देऊन त्या जागी आपल्या भाषेतील आज्ञा आणल्या. वस्तू घेतली आणि तिला आपले वळण लावले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. १९३६ साली याच मंडळाचे पथक बर्लिनला जाऊन आपले देशी व्यायाम जगाला दाखवून आले. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती. युजिन सॅन्डो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला, तेव्हा त्याच्या हलक्या डंबेल्सच्या पद्धतीने येथील तरुणांना भुरळ घातली. त्या डंबेल्सचे दोन उभे अर्ध असत आणि मध्ये स्प्रिंगा. मूठ घट्ट आवळल्याखेरीज व्यायाम होत नसे.

शब्दाची गंमत म्हणून सांगतो. इंग्रजीत डंबेल म्हणजे मुकी घंटा. घंटा वाजविण्याच्या दोरखंडाची ओढ ज्यात आहे पण जी वाजत नाही, अशा व्यायामाच्या साधनावरून अठराव्या शतकात हा शब्द रूढ झाला. पुढे दांड्याला दोन गोळे लावलेली वस्तू आली, तिला बारबेल म्हणू लागले. गोळ्यांच्या जागी चकत्या आल्या, आणि १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकसाठी जर्मनीतील कास्पर बर्ग यांनी टोके फिरती असणारा दांडा बनविला. टोके फिरती असल्याने वजन उचलताना मनगटाला पीळ बसत नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आपल्या भाषेला कितीतरी शब्द दिले. या वस्तूला मात्र कुणी टिकाऊ मराठी शब्द दिला नाही. तालमीतली मुले तिला सरळ ‘रॉड’ म्हणतात. मीही आज रॉडच म्हणणार आहे.

आता मूळ विषय. छातीचा मोठा स्नायू पंख्यासारखा पसरलेला असतो. त्याची एक बाजू गळपट्टीच्या हाडाला, छातीच्या मधल्या हाडाला आणि बरगड्यांच्या कूर्चांना चिकटलेली असते. दुसरी बाजू निमुळती होत दंडाच्या हाडाच्या वरच्या भागाला मिळते. त्याचे मुख्य काम म्हणजे दंड बाजूने शरीरासमोर आणणे. आपण बाकावर उताणे झोपून वजन वर ढकलतो, तेव्हा हा स्नायू, खांद्याच्या पुढचा स्नायू आणि दंडाच्या मागचा, ज्याला मुले ट्रायसेप्स म्हणतात तो, असे तिघे मिळून काम करतात. तिघांपैकी कुणी किती भार घ्यायचा, हे हातात काय आहे त्यावर काही अंशी ठरते.

रॉड हातात असताना दोन्ही तळहातांमधले अंतर बांधलेले असते. हात दांड्यावर घट्ट असल्याने वर ढकलताना आपण नकळत बाहेरच्या बाजूलाही जोर लावू शकतो, आणि कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्सला त्याचा आधार मिळतो. डंबेल्समध्ये तसे चालत नाही. बाहेर जोर लावला, तर डंबेल बाहेरच निघून जाईल. तिथे प्रत्येक हाताला आपले ओझे आपणच सांभाळावे लागते, डोलू द्यायचे नसते, आणि त्यासाठी दंडाच्या पुढचा स्नायूही कामाला लागतो.

हे केवळ तर्काने सांगत नाही. २०११ मध्ये नॉर्वेतील संशोधकांनी १२ निरोगी तरुणांवर याचा अभ्यास केला. प्रत्येकाला एकदाच उचलता येईल असे जास्तीत जास्त वजन रॉडवर किती आणि डंबेल्सवर किती, हे त्यांनी मोजले, आणि त्याच वेळी स्नायूंच्या विद्युत हालचालीही नोंदविल्या. डंबेल्सवर उचललेले एकूण वजन रॉडपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी कमी भरले. छातीच्या मोठ्या स्नायूचे काम मात्र दोन्हीकडे सारखेच होते. डंबेल्समध्ये ट्रायसेप्सचे काम कमी झाले आणि दंडाच्या पुढच्या स्नायूचे वाढले. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. ‘डंबेल्सने छाती जास्त येते’ असे एक जिमशिक्षक ठामपणे सांगतो आणि ‘रॉडशिवाय छाती येतच नाही’ असे दुसरा तितक्याच ठामपणे सांगतो. छातीपुरते पाहिले तर दोघांचाही आवाज त्यांच्या पुराव्यापेक्षा मोठा आहे.

मग फरक कुठे आहे? तो आहे वजन वाढविण्याच्या सोयीत, सुरक्षिततेत, सांध्यांना मिळणाऱ्या मोकळीकीत आणि आपल्यासारख्यांच्या दृष्टीने पैशांत.

वजन वाढविण्याची गोष्ट आधी घेऊ, कारण बळ वाढते ते हळूहळू भार वाढविल्यानेच. एखादा मुलगा रॉडवर ४० किलो वजन व्यवस्थित मारतो. त्याला पुढची पायरी हवी. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची चकती लावली की ४२.५ किलो झाले, म्हणजे सहा टक्क्यांहून थोडी अधिक वाढ. आता हाच मुलगा १०-१० किलोचे डंबेल्स वापरत असेल, तर बाजारात पुढची जोडी बहुधा साडेबारा-साडेबाराची मिळते. वीस किलोचे एकदम पंचवीस झाले. वाढ पंचवीस टक्क्यांची. पहिलीच्या मुलाला थेट तिसरीत बसविण्यासारखे हे आहे. मुलगा मग कंबर उचलतो, झटके देतो, अर्ध्यातूनच वजन परत वर नेतो, आणि आपण वरच्या वजनावर गेलो अशी स्वतःची समजूत घालतो. ज्यांच्याकडे केवळ ठरावीक वजनाचे डंबेल्स आहेत, त्यांनी वजन वाढविण्याआधी आवर्तने वाढवावीत. आठ वेळा जमत होते ते बारा-तेरा वेळा सफाईने जमू लागले, की मगच पुढची जोडी घ्यावी.

सांध्यांच्या बाबतीत पारडे डंबेल्सकडे झुकते. रॉड दोन्ही हातांना एकाच रेषेत बांधून ठेवतो. ज्याचा खांदा मोकळा आहे त्याला त्याचे काही वाटत नाही; परंतु ज्याचा खांदा पूर्वी दुखावला आहे, किंवा दिवसभर संगणकापुढे वाकून जो आखडला आहे, त्याला तीच बांधलेली रेषा टोचू लागते. डंबेल्स घेऊन तळवे एकमेकांसमोर वळवता येतात, कोपरे शरीराजवळ आणता येतात, हात आपली वाट आपण शोधतात. शिवाय उजवा-डावा हा भेदही डंबेल्समध्ये लपत नाही. रॉडवर उजवा हात डाव्याचे ओझे गुपचूप वाहून नेतो. डंबेल्समध्ये डावा थकला की लगेच कळते.

एक प्रकार मात्र आवर्जून थांबवावा. मुले डंबेल्स वर नेऊन एकमेकांवर आपटतात आणि त्याने छातीचा ‘आतला भाग’ येतो असे सांगतात. वजन नेहमी सरळ खाली ओढते, बाजूला नव्हे. हात वर सरळ झाल्यावर डंबेल्स जवळ आणण्यात छातीला फारसे कामच उरत नाही. जे येते तो आवाज.

आता सुरक्षिततेविषयी जरा विस्ताराने बोलतो, कारण माझ्या मते साऱ्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. रॉड घेऊन बाकावर झोपलेला माणूस हा व्यायामशाळेतील सर्वांत असहाय माणूस असतो. बैठक घालताना वजन झेपले नाही तर ते मागे टाकता येते. जमिनीवरून उचलताना झेपले नाही तर ते जमिनीवरच राहते. बाकावर मात्र झेपले नाही तर दांडा छातीवर येतो, आणि तिथून सरकला तर गळ्यावर. एकट्याने व्यायाम करताना अशा रीतीने मृत्यू ओढवल्याच्या घटना देशोदेशी नोंदल्या गेल्या आहेत. त्यात नवशिके होते तसे मुरलेलेही होते. म्हणून पहिला नियम, ज्याला अपवाद नाही : रॉडवर छातीचा व्यायाम एकट्याने करायचा नाही. डोक्यामागे जोडीदार उभा पाहिजे. तो भ्रमणध्वनीवर बोलत असता कामा नये. त्याला किती आवर्तने व्हायची आहेत हे आधी सांगितलेले असावे, आणि दांडा वर जाताना थांबला की त्याने विचारत न बसता हात लावावा. जोडीदार मिळतच नसेल, तर बाकाच्या दोन्ही बाजूंना छातीच्या किंचित वर दांडा अडविणारे भक्कम आडवे टेकू हवेत. तेही नसतील, तर त्या दिवशी जोर काढावेत.

दुसरे म्हणजे मूठ. अंगठा दांड्याभोवती वळवलाच पाहिजे. अंगठा मागे ठेवून तळव्यावर दांडा नुसता टेकविण्याची एक फॅशन आहे. तळव्याला घाम आला की ती मूठ सुटते. हातांमधले अंतरही फार वाढवू नये. खांद्यांच्या रुंदीच्या दीडपटीपेक्षा जास्त अंतरावर दांडा धरला, तर खांद्याच्या सांध्यावर आणि छातीच्या स्नायूच्या टोकावर अनावश्यक ताण येतो. छातीचा स्नायू हाडापासून फाटण्याची दुखापत जिथे नोंदली जाते, त्यांत हाच व्यायाम सर्वांत पुढे आहे, आणि ती बहुधा वजन खाली आणताना होते. म्हणून दांडा खाली सोडायचा नसतो, आणायचा असतो. कोपरे खांद्याच्या काटकोनात फाकू देऊ नयेत. दांडा छातीच्या खालच्या भागाला हलकेच टेकावा आणि वर जाताना किंचित खांद्यांच्या दिशेने जावा. डोके, पाठीचा वरचा भाग आणि नितंब बाकाला, दोन्ही पावले जमिनीला. या पाचांपैकी एकही सुटला, की वजन जास्त झाले असे समजावे.

डंबेल्समध्ये गळ्यावर दांडा येण्याचे भय नाही. झेपले नाही तर बाजूला टाकता येतात. तरीही त्यांच्या वेगळ्या खोड्या आहेत. जड डंबेल्स बाकावर झोपल्यावर जमिनीवरून उचलण्याचा प्रयत्न करणारा मुलगा खांदा दुखावून घेतो. बसलेल्या स्थितीत ते आधी मांड्यांवर उभे ठेवावेत, आणि मागे झोपताना गुडघ्यांनी एकेक वर ढकलावा. संपल्यावर त्याच मार्गाने परत यावे. हात पसरलेले असताना डंबेल्स बाजूला सोडून देणे हेही खांद्याला घातक, आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या पायाला तर अधिकच.

आता पैशांचे गणित. लोखंड किलोवर मिळते, म्हणून मी किलोतच सांगतो. पाच किलोपासून पंचवीस किलोपर्यंत अडीच-अडीच किलोच्या फरकाने डंबेल्सच्या नऊ जोड्या होतात. त्यांचे एकूण लोखंड भरते २७० किलो. उलट वीस किलोचा एक रॉड घेतला आणि त्यावर वीस, पंधरा, दहा, पाच, अडीच आणि सव्वा किलोच्या प्रत्येकी दोन चकत्या घेतल्या, तर सारे मिळून होते १२७.५ किलो. निम्म्याहूनही कमी. आणि तेवढ्यात केवळ छाती नव्हे, तर वजन घेऊन बैठका, जमिनीवरून उचल, उभ्याने खांद्यावर ढकल, वाकून पाठीसाठी ओढ, हे सगळे होते. वाचलेल्या पैशांत भक्कम बाक आणि दांडा ठेवण्याचे खांब घ्यावेत. या दोन वस्तूंत मात्र काटकसर करू नये. डगमगणारा बाक मी पाहतो तेव्हा मला त्यावरच्या मुलापेक्षा तो विकत घेणाऱ्या समितीची चिंता वाटते.

गर्दीचाही विचार करा. सायंकाळी शाळेत तीस-चाळीस मुले येतात. नऊ जोड्या आहेत म्हणून नऊ मुले एकाच वेळी व्यायाम करतील असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात बहुतेकांचे बळ सारखेच असल्याने साडेबारा किलोच्या एकाच जोडीसाठी रांग लागते आणि पंचवीसची जोडी कोपऱ्यात शोभेला राहते. रॉडवर चार-चार मुलांचा गट करता येतो. एक झोपतो, एक मागे उभा राहतो, दोघे चकत्या बदलतात. चौघांची एक फेरी चार-पाच मिनिटांत होते, प्रत्येकाला तेवढी विश्रांती आपोआप मिळते, आणि तीन फेऱ्यांत पंधरा मिनिटांच्या आत गट मोकळा होतो. तासाभरात सोळा मुले. शिवाय या पद्धतीत एक गोष्ट न शिकविता घडते. ज्याच्या हातात आपण काही क्षण आपला गळा सोपवितो, त्याची जात विचारण्याचे कुणाला सुचत नाही. आपल्या काही वस्त्यांमध्ये हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि बौद्धिकाच्या अनेक तासांना जे साधत नाही ते त्या बाकाशेजारी साधते, असे माझे मत आहे.

म्हणून व्यायामशाळेसाठी माझे उत्तर स्पष्ट आहे. आधी रॉड, बाक आणि खांब. नंतर हलक्या डंबेल्सच्या तीन-चार जोड्या : अडीच, पाच, साडेसात आणि दहा. अनेक केबलींचे मोठे यंत्र सर्वांत शेवटी, किंवा घेऊच नये. देणगीदारांना ते यंत्र फार आवडते, कारण त्यावर नावाची पाटी लावायला जागा असते. रॉडवर ती नसते. पाटी भिंतीवर लावू, असे त्यांना नम्रपणे सांगावे.

घरासाठी मात्र माझे उत्तर उलटे आहे. आपल्या मध्यमवर्गीय घरांत मुलगा दहावी-बारावीला असतो, आई-वडील पन्नाशीकडे झुकलेले, आजी-आजोबा सत्तरीत. तिथे रॉड आणि बाक आणू नये. जागा नाही, मागे उभा राहणारा नाही, आणि रात्री सारे झोपल्यावर मुलगा एकटाच व्यायाम करणार हे ठरलेले. चकत्या बदलता येतील अशा छोट्या दांड्यांची एक जोडी पुरते. बाकाचीही गरज नाही. सतरंजीवर उताणे झोपावे, गुडघे वाकवावेत आणि डंबेल्स वर ढकलावेत. खाली येताना कोपर जमिनीला टेकते आणि खांदा त्यापलीकडे ताणला जात नाही; दुखऱ्या खांद्याच्या माणसाला हा प्रकार विशेष मानवतो. आणि हा काही कमी प्रतीचा प्रकार नव्हे. बाक रूढ होण्यापूर्वी मल्ल जमिनीवर झोपूनच वजन ढकलीत. जॉर्ज हॅकनश्मिट या नामांकित मल्लाने १८९८ मध्ये सुमारे १६४ किलो वजन अशाच रीतीने ढकलले होते.

भगिनींसाठी वेगळे दोन शब्द. वंदनीय मावशी केळकरांनी १९३६ साली वर्ध्याला राष्ट्र सेविका समिती स्थापन केली तेव्हापासून शारीरिक शिक्षण हा समितीच्या कार्याचा भाग आहे. तरी ‘वजन उचलले की मुलगी पुरुषी दिसते’ ही भीती घराघरांत शिल्लक आहे. ती निराधार आहे. मणिपूरच्या मीराबाई चानू यांनी टोकियोत २०२१ मध्ये रौप्यपदक मिळविले, ते वजन उचलूनच. मात्र नवशिक्या मुलीला वीस किलोचा मोकळा रॉडही जड जातो. स्त्रियांच्या स्पर्धेतील रॉड पंधरा किलोचाच असतो. तिची सुरुवात अडीच किंवा पाच किलोच्या डंबेल्सनी व्हावी. चाळिशीनंतरच्या स्त्रियांना तर हाडांच्या मजबुतीसाठी वजनाच्या व्यायामाची विशेष गरज असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात सर्व प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम करण्यास सांगितले आहे. त्यात आजी-आजोबाही आले. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी वैद्यांना विचारूनच सुरुवात करावी आणि वजन ढकलताना श्वास कोंडू नये, कारण श्वास कोंडताच रक्तदाब झपाट्याने चढतो. वर ढकलताना सोडावा, खाली आणताना घ्यावा.

काही प्रश्न चिठ्ठ्यांवर आले आहेत, ते घेतो.

‘जोर सोडून द्यायचे का?’ मुळीच नाही. किंबहुना डंबेल्स की रॉड हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मुलाला जोरांनीच मिळतो. शरीर फळीसारखे सरळ ठेवून साधा जोर काढताना हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भार येतो. साठ किलोचा मुलगा म्हणजे चाळीस किलो. जो पंचवीस जोर एका दमात सफाईने काढू शकत नाही, त्याला वजनाची गरजच नाही. त्याच्याजवळ स्वतःचे वजन पडून आहे. स्पेनमधील एका अभ्यासाने २०१५ मध्ये असे दाखविले की, स्नायूंवरचा ताण सारखा राखला तर जोर आणि बाकावरील रॉड यांनी बळ सारखेच वाढते. शिवाय जोर काढताना खांद्याची पाती मोकळी फिरतात; बाकावर ती दाबून धरलेली असतात. म्हणून पंचविशीच्या पुढे गेलेल्या मुलानेही वजनाआधी जोरांचे एक-दोन डाव काढावेत.

‘कोणत्या वयापासून वजन द्यावे?’ वजनाने उंची खुंटते, ही समजूत खरी नाही. नीट देखरेख असेल तर किशोरांनाही हलके वजन देता येते. मात्र त्यांच्यात ‘एकदाच किती उचलतोस’ अशी पैज लावू नये. पहिले दोन महिने मोकळा रॉड. शिक्षक कंटाळला तरी चालेल.

‘कुस्तीगिराला काय चांगले?’ कुस्तीत पाठीमागे बाक नसतो. तेथे पाय रोवून ढकलायचे असते आणि त्याहून अधिक ओढायचे असते. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव मातीत घडले. कुस्तीगिराने जोर, दोरावर चढणे आणि मल्लखांब हा पाया ठेवावा आणि वजन जोडीला घ्यावे. त्यातही छातीसाठी जेवढी आवर्तने, निदान तेवढी पाठीसाठी ओढण्याची. हे खरे तर सर्वांनाच लागू आहे. आरशात छाती दिसते आणि पाठ दिसत नाही, एवढ्याच कारणाने मुले सोमवारी छाती मारतात आणि पाठीचा वार कधी उजाडतच नाही. ज्याला पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत उतरायचे आहे, त्याला मात्र रॉडच लागेल, कारण स्पर्धा रॉडवर होते.

शेवटची चिठ्ठी रत्नागिरीहून आलेल्या कार्यकर्त्यांची : ‘पावसाळ्यात रॉड गंजतो, काय करावे?’ खंडेनवमीला आपण वजनांना हळद-कुंकू वाहतो; बाकी वर्षभर त्यांना कोरडे फडके मिळाले तरी पुरे. रोज शाळा बंद करताना घामाचा दांडा पुसावा. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तारेच्या मऊ ब्रशने तांबूस थर काढून यंत्राच्या तेलाचे बोट फिरवावे आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी मूठ सुटेल. फिरत्या टोकांत दोन थेंब तेल वेगळे सोडावे. धरण्याच्या जागेला रंग मात्र कधीही लावू नका. रॉड भिंतीला टेकवून उभा ठेवू नये, आणि ओल येणाऱ्या फरशीवर तर नाहीच; खांबांवर आडवा, चकत्या काढून ठेवावा.